मुलकोवालची बाटली

परिचारिका सुई घेऊन पुढें आली म्हणजे आपण दंड उघडा करितों व मान दुसरीकडे वळवितों. औषधाचें नांव आपण विचारतों, डॉक्टरांची पदवीहि पाहतों. परंतु ती सुई कोठून आली, बाटलीचें बूच कोणीं व कसें काढलें, हें पाहण्याचें आपणांस सुचत नाहीं. या लहानशा प्रश्नाचें मोल हिंदुस्थानास एकदां फार जबर किंमत देऊन कळलें. त्या हकीकतीचा मुंबईशीं निकट संबंध असल्यामुळें ती येथें सांगावी, असें आम्हांस वाटतें.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. ओडेसा येथें जन्मलेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःसच टोचून घेतली. पुढें त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली व तेथून लसीच्या बाटल्या दूरदूर जाऊं लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं १०७ माणसांस ही लस टोचण्यांत आली. हें गांव आज पाकिस्तानांत आहे. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस ज्यांस मिळाली, त्या १९ जणांस कांहीं दिवसांनीं धनुर्वात झाला व ते सर्व मरण पावले. बाकीच्यांस कांहींच झालें नाहीं.

दोष हाफकिन यांच्या माथीं आला. त्यांनीं लसींत कार्बोलिक आम्ल घालण्याची जुनी रीत सोडून उष्णतेवर भिस्त ठेवली होती. म्हणून विष परळासच शिरलें असावें, असा चौकशी मंडळाचा निष्कर्ष होता. त्यांस कामावरून दूर करण्यांत आलें. परंतु त्या दिवशींची एक गोष्ट नोंदली गेली होती. बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला; त्यानें तो जंतुनाशक पाण्यांत घाईनें बुडविला व त्यानेंच बूच ओढलें. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात, हें तेव्हांहि ठाऊक होतें. शिवाय उघडतेवेळीं बाटलीस दुर्गंधि आली नव्हती. जंतु आंत बरेच दिवस वाढत असते, तर ती आल्यावांचून राहती ना. रोनाल्ड रॉस यांनीं हा पक्ष लावून धरला. १९०७ च्या जुलैंत त्यांचें व इतर शास्त्रज्ञांचें पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्यें आलें आणि त्याच वर्षीं हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ सालीं परळच्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें.

एका थोर पुरुषाचा मान परत मिळाला, येथें ही कथा संपवावी असा मोह होतो. पण ते १९ जण परत आले नाहींत. आणि तो मदतनीस तरी दुष्ट होता काय? समोर माणसांची रांग, हातांत एकच चिमटा. पडलेली वस्तु धुऊन घेऊन काम पुढें चालविणें, हें आपल्या प्रत्येक घरांत घडतें. दोष माणसापेक्षां रीतीचा होता. म्हणूनच आजची रीत घाईच्या माणसासहि चुकूं देऊं नये अशी बांधलेली आहे: प्रत्येकास नवी सुई व नवी पिचकारी, सुईस कशाचाहि स्पर्श झाला तर ती टाकून देणें, औषध, मात्रा व रोग्याचें नांव पडताळणें, स्नायूंत टोचतांना मोठी शीर दुखावणार नाहीं अशी जागा निवडणें, तान्ह्या मुलास मांडीच्या बाहेरच्या बाजूस टोचणें.

परिचारिकेनें हातांतून पडलेली कोरी सुई टाकून दुसरी उघडली, तर आमच्यासारख्या काटकसरी कुटुंबांतील माणसास ती उधळपट्टी वाटते. त्या वेळीं मुलकोवालच्या चिमट्याची आठवण ठेवावी, आणि तिनें दुसरी सुई घेण्यास कंटाळा केला, तर तिला नम्रपणें पण निश्चयानें थांबवावें.