माथेरानची चढण

डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आम्हा आयटीवाल्यांचा अधिक महिना. क्लायंट नाताळच्या सुट्टीवर, प्रॉडक्शनला कोड फ्रीझ, मॅनेजर गोव्यात. शाळांनाही सुट्टी. म्हणजे घरात एक सात वर्षांची थोरली आणि एक चार वर्षांचा धाकटा, आणि दोघांनाही सकाळी सहाला जाग येते (शाळा असताना का येत नाही, हे कोडं अजून सुटलेलं नाही). २०२४ च्या डिसेंबरात बायकोने जाहीर केलं, 'कुठेतरी जाऊया, नाहीतर मी एकटी जाईन.' माथेरान ठरलं. पुण्याहून जवळ, तिथे गाड्या नाहीत म्हणजे पोरं रस्त्यावर धावली तरी धसका नाही, आणि खेळण्यातली आगगाडी! आईलाही म्हटलं, चल. आई म्हणाली, 'माझे गुडघे?' मी म्हटलं, 'अगं, ट्रेनने जायचंय, चालायचं कुठाय?'

हे वाक्य लक्षात ठेवा.

चौक फाट्यावरून कर्जतकडे वळलो तेव्हा मी गाडीतच इतिहासाचा तास सुरू केला. बायकोने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, पण माझा नाइलाज होता. कारण माथेरानची छापील गोष्ट या चौक गावापासूनच सुरू होते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट मे १८५० मध्ये इथे तळ टाकून होते. समोरचा डोंगर बघून ते वर चढले, वर गर्द झाडी आणि थंड हवा बघून खूष झाले आणि पुढे तिथे घर बांधलं. १८५५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले आणि मग साहेबलोकांची रांगच लागली. पुस्तकात याला 'मॅलेटने माथेरान शोधलं' असं म्हणतात. आता, ज्या डोंगरावर धनगर, ठाकर आणि कातकरी पिढ्यान् पिढ्या वावरत होते आणि ज्याला 'माथ्यावरचं रान' असं स्वच्छ मराठी नाव आधीच होतं, तो शोधला म्हणजे नक्की काय केलं? दुसऱ्याच्या रेपॉझिटरीत रीडमी फाइल टाकून स्वतःला ऑथर म्हणवून घेण्यातला प्रकार. असो.

एक गंमत मात्र खरी. साहेब इथे यायचा तो एप्रिल-मेमध्ये मुंबईच्या घामापासून पळायला, नाहीतर पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आपण येतो डिसेंबरात, थंडीत अजून थंड जागी, कारण आपल्या सुट्ट्या अमेरिकेतल्या क्लायंटच्या कॅलेंडरवर ठरतात. साहेब गेला, कॅलेंडर ठेवून गेला.

नेरळला सकाळी पोचलो तर तिकीट खिडकीवर जी रांग होती ती बघून पोटात गोळाच आला. इवलीशी गाडी, इवलेसे डबे, दिवसाच्या मोजक्या फेऱ्या. आमचा नंबर यायच्या आधीच तिकिटं संपली. धाकट्याने जागीच बसकण मारली आणि भोकाड पसरलं. त्याला शांत करायला मी त्याला आदमजी पीरभॉयच्या मुलाची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो.

आदमजी पीरभॉय हे मुंबईचे बोहरी व्यापारी. अगदी गरिबीतून वर आलेले, ब्रिटिश फौजेला तंबू वगैरे पुरवून मोठे झालेले. मुंबईचे शेरीफ झाले, पुढे 'सर' झाले. त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याला माथेरानचं वेड. अशी आख्यायिका सांगतात की एकदा तो नेरळला उतरला आणि वर जायला त्याला वाहनच मिळेना. तेव्हा तो चिडून म्हणाला, आता मी माझी स्वतःची रेल्वे बांधून वर येईन. खरं-खोटं देव जाणे, पण बापाच्या पैशाने त्याने ती बांधली मात्र खरी. १९०४ मध्ये काम सुरू, १९०७ च्या मार्चमध्ये गाडी सुरू, खर्च सोळा लाख रुपये. धाकटा रडायचा थांबला आणि म्हणाला, 'बाबा, तुम्ही पण बांधा.' बायको म्हणाली, 'आधी होम लोन फेडू दे बाबांना.'

या रेल्वेबद्दल थोडं तांत्रिक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी एक परिच्छेद सोडा. दोन रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. लांबी सुमारे वीस किलोमीटर, चढ काही ठिकाणी वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. मधे बोगदा एकच, तोही चिमुकला. मग डोंगर चढायचा कसा? वळणं घेत, घेतच राहत. आता प्रॉब्लेम असा की वाफेच्या इंजिनाला ताकद हवी तर चाकांच्या जोड्या जास्त हव्यात, आणि जोड्या जास्त झाल्या की इंजिन लांब आणि ताठ होतं, अरुंद वळणावर वळतच नाही. सल्लागार इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, म्हणजे आपल्या बार्शी लाइटवाले. (याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी मारायच्या पॅराशूटवर काम केलं. काही माणसांना एक करिअर पुरत नाही.) बर्लिनच्या ऑरेन्स्टाइन अँड कोपेल कंपनीकडून चार इंजिनं आली, त्यात क्लीन-लिंडनर नावाची युक्ती होती. कडेच्या चाकांचा आस पोकळ, त्याच्या आत दुसरा आस, आणि दोन्हींच्या मधोमध एक गोल सांधा, आपल्या खांद्यात असतो तसा. त्यामुळे चाकं फिरत तर राहायची, पण वळण आलं की बाहेरची चाकं जरा बाजूला सरकून रुळाप्रमाणे कलायची. किती सुंदर डिझाइन आहे हे! त्या चारांपैकी एक इंजिन आता इंग्लंडात जपून ठेवलंय.

पण या रेल्वेचा अपटाइम काही विचारू नका. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये, शताब्दीच्या वर्षात, पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये घसरण्याचे अपघात झाले म्हणून परत बंद. २०१९ च्या पावसात पुन्हा वाहून गेला, तो २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत. दरवर्षी पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद असते ती वेगळीच.

तर आम्ही गाडीने घाट चढून दस्तुरी नाक्याला आलो. इथे गाडी लावायची आणि पुढे बाजारापर्यंतचे दोन-अडीच किलोमीटर आपापल्या जबाबदारीवर. ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर माथेरानात मोटारींना बंदी. हा नियम जुनाच, आणि २००३ मध्ये हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाल्यावर आणखी पक्का झाला. जवळच्या अमन लॉज स्टेशनातून शटल सुटते, पण पुढची शटलही भरलेली. बॅटरीवरच्या ई-रिक्षांना रांग लागली होती. ऊन चढत होतं. थोरली म्हणाली घोडा, धाकटा म्हणाला खांद्यावर, आणि आई काहीच न बोलता गुडघ्यावर हात ठेवून एका कट्ट्यावर बसली.

'अगं, ट्रेनने जायचंय, चालायचं कुठाय?' हे माझंच वाक्य माझ्याच कानात वाजत होतं.

मग ते तिघे आले. हातरिक्षावाले. एक पुढे ओढणार, दोघं मागून ढकलणार. आई म्हणाली, 'मी नाही बसणार. माणसाने माणसाला ओढायचं? शोभतं का?' मी पण गप्प. मला खरं तर पैसे देऊन मोकळं व्हायचं होतं, पण हे तिच्या तोंडून ऐकल्यावर ते कबूल करायची लाज वाटली. त्यातला चाळिशीचा एक पुढे येऊन शांतपणे म्हणाला, 'मावशी, सकाळपासून बोहनी नाही. तुम्ही नाही बसलात तर आम्हाला कसं शोभायचं?'

आई बसली. पण सबंध रस्ताभर ती अशी अंग चोरून बसली होती, जणू त्यामुळे वजन कमी होणार होतं. लाल मातीतला चढ आला की ती म्हणायची, 'थांबा रे, दम घ्या.' ते हसायचे. थोरली घोडा विसरून रिक्षाच्या बाजूने चालत होती. थोड्या वेळाने तिने मला विचारलं, 'बाबा, टांग्याला घोडा असतो ना? मग इथे काका का ओढतायत?' मी म्हटलं, 'इथे गाड्यांना बंदी आहे ना, झाडं वाचवायला.' ती म्हणाली, 'मग काकांना कोण वाचवणार?' सात वर्षांच्या मुलीला उत्तर देण्यापेक्षा क्लायंटला आउटेज समजावणं सोपं. मी विषय बदलला. धाकटा माझ्या खांद्यावर बसून 'चल मेरे घोडे' करत होता.

संध्याकाळी हॉटेलच्या व्हरांड्यात मुलं झोपल्यावर मी विचार करत बसलो. रेल्वे यायच्या आधी नेरळहून वर यायला काय होतं? तट्टू, पालख्या आणि खुर्च्या. म्हणजे मॅडमसाहेब खुर्चीत आणि खुर्ची भोयांच्या खांद्यावर, सातशे-आठशे मीटरची चढण. पॉइंटांना नावं दिली लुईझा, अलेक्झांडर, तळ्याला शार्लट. ज्यांनी या मंडळींना उचलून तिथपर्यंत नेलं त्यांच्या नावाचा एकही पॉइंट मला नकाशावर सापडला नाही.

त्या गावातून एक नाव मात्र वर आलं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानातच, न्हाव्याच्या घरात. पाहुण्यांची हजामत करणाऱ्यांच्या पोरानं शिकून वकील व्हायचं, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष व्हायचं, हीच त्या काळात केवढी चढण! कर्जत भागात त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, गरिबांसाठी धान्यकोठ्या काढल्या. १९४२ चं आंदोलन पेटल्यावर भूमिगत होऊन 'आझाद दस्ता' उभा केला. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला जाणारी वीज तोडायची म्हणून त्यांची माणसं रात्री रानात शिरून विजेचे मनोरे कापून पाडायची. इंजिनिअर म्हणून मला यात एक गोष्ट फार जाणवते. सिस्टिमचा नाजूक सांधा कुठे आहे, हे त्यांना बरोबर कळलं होतं. शेवटी २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे गोळ्या लागून गेले. भाईंचं वय तीस. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर लोक त्यांना मानवंदना द्यायला जमतात. मी त्या तारखेला दरवर्षी ऑफिसात रिकाम्या इनबॉक्सचा आनंद घेत असतो.

दुसऱ्या दिवशी बाजारात तोच रिक्षावाला भेटला. आईने त्याला थांबवून चहा पाजला आणि सगळी चौकशी केली (हे तिचं जुनं कौशल्य, रेल्वेच्या डब्यात बारा तासांत तिला अर्ध्या डब्याच्या सोयरिकी कळतात). वडीलही हेच करायचे. गावात परवाने असलेल्या हातरिक्षा चौऱ्याण्णव. छाती भरून येते, गुडघे जातात. 'मावशी, तुमच्यासारखेच माझे गुडघे पण,' तो म्हणाला. ई-रिक्षा आल्या ते चांगलंच, फक्त त्या आमच्या हातात द्या, एवढंच त्याचं म्हणणं. ही लढाई तेव्हा कोर्टात चालू होती. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक ई-रिक्षांना परवानगी दिली आणि त्याच डिसेंबरात सात रिक्षा सुरू झाल्या. घोडेवाल्यांचा त्याला विरोध, कारण त्यांचंही पोट त्याच अडीच किलोमीटरवर. पेव्हर ब्लॉक घालायचे की लाल माती ठेवायची, यावरून वेगळं भांडण. कोणाचंच म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. पण छाती फुटेस्तोवर माणसाने ओढायचं आणि त्याला आपण पर्यावरणपूरक म्हणायचं, हे मला त्या दिवसापासून पटेनासं झालंय. खांद्यावर धाकट्याचे पंधरा किलो घेऊन मी जो काय धापा टाकत होतो, त्याचाही यात वाटा असेल.

परत जाताना शटलची तिकिटं मिळाली. धाकट्याने अमन लॉजपर्यंत तोंडाने शिटी वाजवली. थोरली खिडकीतून रुळाच्या कडेचा रस्ता बघत होती.

६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. माणसाने माणसाला ओढायची ही प्रथा अमानवी आहे, सहा महिन्यांत बंद करा, आणि खऱ्या हातरिक्षावाल्यांना ई-रिक्षा भाड्याने मिळतील अशी योजना करा. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असंही सरकारला बजावलं. पंजाबातल्या रिक्षावाल्यांच्या खटल्यात हेच न्यायालय १९८० मध्ये त्यांच्या बाजूने बोललं होतं, त्याला तोवर पंचेचाळीस वर्षं झाली होती.

आईने पेपर वाचून भर स्टँडअप मीटिंगमध्ये मला फोन केला. मी म्यूट करून उचलला. मागून थोरलीचा आवाज, 'आजी, मग आता आपण परत गेलो तर तू कशी जाणार?'

आई म्हणाली, 'त्याच्याच गाडीतून. तेव्हा तोही बसलेला असेल. आणि हे बघ,' हे मला होतं, 'या वेळी तिकिटं आधी काढ.'