धूळपाटी

मराठी विकिपीडियावर खाते उघडले, की एक शब्द दिसतो : धूळपाटी. लेख कोशात जाण्याआधी जिथे बिनधास्त लिहावे, खोडावे, पुन्हा लिहावे, ती ही जागा. इंग्रजीत तिला सँडबॉक्स म्हणतात, म्हणजे मुलांचा वाळूत खेळायचा हौद. मराठीने हौद सोडला आणि पाटी उचलली. शेजारी डोकावले तर हिंदीत ‘प्रयोगपृष्ठ’ आहे, नेमके पण कोरडे. बंगालीत ‘खेलाघर’, म्हणजे खेळ राखला, वाळू गेली. तमिळमध्ये ‘मणल्तोट्टि’, वाळूची कुंडी. तिथे शब्दाला शब्द दिलेला दिसतो. मल्याळममध्ये मात्र ‘एळुत्तुकळरि’. एळुत्तु म्हणजे लेखन आणि कळरि म्हणजे शिकण्याची जागा, आखाडा. कळरिपयट्टूमधली कळरि ती हीच. या पाचांपैकी मराठी आणि मल्याळम या दोघींनाच इथे शाळा आठवली, आणि मुक्त ज्ञानकोशाचे वर्गात काय काम, या प्रश्नाचे उत्तर त्या आठवणीत दडलेले असावे, असे मला वाटते.

आधी शब्दाची फोड. ‘धूळ’ संस्कृत धूलीपासून, आणि धूलीच्या मागे ‘धू’ म्हणजे हलवणे, झटकणे हा धातू असावा. ‘अवधूत’मध्येही तोच धातू आहे : ज्याने सारे झटकून टाकले तो. ‘पाटी’ जास्त अवघड. फळीसाठी संस्कृतातले जुने शब्द फलक आणि पट्ट. ‘पाटी’ हे रूप लोकभाषेतून वर चढून संस्कृतात गेले असावे, असे गणिताच्या इतिहासकारांचे मत आहे. गेले ते मानाने गेले. अंकगणिताचे नावच ‘पाटीगणित’ झाले, श्रीधराचार्यांच्या ग्रंथाला तेच नाव मिळाले आणि भास्कराचार्यांची ‘लीलावती’ही त्याच परंपरेतली. या गणिताला ‘धूलिकर्म’ असेही म्हणत, कारण पाटीवर धूळ पसरून बोटाने किंवा काडीने आकडे काढायचे, बेरीज पुढे सरकली की मागचे पुसायचे.

हे धूलिकर्म अरबीत गेले तेव्हा त्याची दोन नावे झाली : ‘हिसाब अल्-तख्त’ आणि ‘हिसाब अल्-गुबार’. गुबार म्हणजे धूळ, तख्त म्हणजे फळी. तख्त मूळचे फारसी. त्याचाच भाऊ ‘तख्ता’ मराठीत ‘तक्ता’ होऊन वर्गाच्या भिंतीवर लटकला. संस्कृत फलकाचा ‘फळा’ झाला आणि तो समोर उभा राहिला. पाटी, फळा, तक्ता : आपल्या वर्गातले तिन्ही शब्द मुळात लाकडाची फळीच आहेत. ग्रीक ‘अबाक्स’ही, काही विद्वानांच्या मते, सेमिटिक भाषांतल्या धुळीच्या शब्दावरून आलेला असावा. तसे असेल तर आज गल्लोगल्ली चालणाऱ्या ‘अबॅकस’च्या क्लासातही धूळपाटीच आहे.

पंतोजींच्या शाळेत मुलाची अक्षरओळख या धुळीतच होई. म्हणून ‘धुळाक्षरे’. आज आपण ‘एखाद्या विषयाची धुळाक्षरे गिरवणे’ असे सहज म्हणतो, तेव्हा ती धूळ खरी होती हे ध्यानात येत नाही. या धुळीचा आणखी एक प्रवास आहे, इंग्लंडच्या दिशेने. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री 1789 पासून मद्रासच्या अनाथ मुलग्यांच्या शाळेचा प्रमुख होता. मलबारी शाळेतली मुले वाळूत बोटाने लिहितात हे त्याने पाहिले आणि तीच रीत आपल्या शाळेत आणली. मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवायचे, ही तिची जोडी. 1797 मध्ये त्याने लंडनला त्यावर पुस्तक छापले आणि इंग्लंडमध्ये ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. लिहून पुसता येणारी जागा आणि शिकता शिकता शिकवणारा सोबती, या दोन गोष्टी मुक्त ज्ञानकोशाच्याही मुळाशी आहेत. म्हणून ‘धूळपाटी’ हा शब्द तिथे इतका चपखल बसतो.

आता वर्गातल्या जुन्या तक्रारीकडे येऊ : मुले विकिपीडियावरून ‘नक्कल’ करतात. नक्कल अरबी ‘नक़्ल’वरून, म्हणजे इकडून तिकडे नेणे. मदरशांमधल्या विद्यांचे दोन वर्ग मानत : ‘नक़्ली’ म्हणजे परंपरेने हातोहात आलेल्या, आणि ‘अक़्ली’ म्हणजे बुद्धीने मिळवायच्या. मराठीतले नक्कल आणि अक्कल हे एकेकाळी असे शेजारी बसत आणि दोघांनाही मान होता. ‘अक़्ल’च्या मुळाशी उंटाच्या पायाला दोरी बांधण्याची कल्पना आहे, भरकटू न देणारी ती अक्कल. नकलेला कमीपणा पुढे आला असावा. ‘कित्ता’ही याच घरातला दिसतो : अरबी ‘क़ित्आ’ म्हणजे तुकडा, सुलेखनाचा नमुना. तो गिरवण्यात लाज नव्हती, कारण गिरवून झाल्यावर कित्त्यावाचून लिहायचे असे.

हा पुढचा टप्पा चुकला की काय होते ते पुण्याने पाहिले आहे. 2011 मध्ये तिथल्या काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचा उपक्रम झाला. इकडचा मजकूर उचलून तिकडे चिकटवण्याचे प्रमाण इतके वाढले, की त्याच वर्षी तो आटोपता घ्यावा लागला. नक़्ल झाली, अक़्लची दोरी राहून गेली. त्यावरून विद्यार्थ्यांना कोशापासून लांब ठेवावे असे निघत नाही. धूळपाटीवर पुरेसे दिवस बसवावे, असे निघते.

बसवायचे कसे? मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचा लेख उघडावा. बहुतेक गावांच्या लेखांत पहिली ओळ असते, अमुक जिल्ह्यातले एक गाव. आणि खाली ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’, ‘नागरी सुविधा’ ही शीर्षके रिकामी. आठवीच्या मुलाला ही रिकामी जागा बोलावते. तो धूळपाटीवर लिहितो : ‘आमचे गाव निसर्गरम्य असून येथील लोक प्रेमळ आहेत.’ ही झाली तारीफ. अरबीत ‘तअरीफ़’ म्हणजे ओळख करून देणे, व्याख्या. आपल्याकडे येता येता तिची स्तुती झाली. कोशाचा तटस्थपणाचा नियम मुलाला स्तुतीकडून परत व्याख्येकडे नेतो : नदी कोणती, पीक कोणते, शाळा कितवीपर्यंत.

मग तो लिहितो, देऊळ फार जुने आहे. दुसरा कोणी तिथे चिकटवतो : ‘संदर्भ हवा’. संदर्भ म्हणजे मुळात गुंफण, ‘दृभ्’ म्हणजे ओवणे. आजीने सांगितले, हे घरात पुरते, कोशात चालत नाही. मूल गॅझेटियर धुंडाळते, जनगणनेची पुस्तिका काढते, आणि ऐकलेले व छापलेले यांत अंतर आहे हे स्वतः पाहते. हे पाठ कुठल्याही भाषणाने शिकवता येत नाहीत. मराठीत लेखाच्या बटणावर ‘संपादन’ लिहिलेले असते. संपादणे म्हणजे मिळवणेही : यश संपादन करतात, विश्वास संपादन करतात. दुरुस्ती आणि कमाई यांना मराठीने एकच शब्द दिला, तो इथे दोन्ही अर्थांनी खरा होतो.

आणखी एक वळण. ज्ञानकोशाला अरबी-फारसी परंपरेत ‘दाइरतुल मआरिफ़’ म्हणतात, ज्ञानांचे वर्तुळ. याच नावाची संस्था हैदराबादेत 1888 मध्ये निघाली आणि तिने जुन्या अरबी हस्तलिखितांचे ग्रंथ छापले. ‘एनसायक्लोपीडिया’मागच्या ग्रीक शब्दातही ‘कुक्लोस’ म्हणजे वर्तुळ आहे, आपल्या चक्राचा सख्खा भाऊ; वर्तुळ दोन्हीकडे आहे. पण मआरिफ़चे एकवचन ‘मारिफ़त’ मराठीला फार जवळचे आहे. अरबीत त्याचा अर्थ ओळख, जाण. ओळखीतून काम होते, म्हणून आपल्याकडे ते ‘मारफत’ झाले : अमक्याच्या हस्ते, तमक्याकडून. ‘उर्फ’ही याच धातूचा, म्हणजे ‘या नावाने ओळखला जाणारा’. ज्ञान हा शब्द घरंगळत ‘कोणाकडून’ या अर्थावर येऊन थांबला, यात ऱ्हास झाला असे मला वाटत नाही. ज्ञान नेहमी कोणाच्या तरी मारफतच येते. छापील कोशात ते नाव संपादकाच्या अधिकारामागे झाकले जाते, मुक्त कोशात ‘इतिहास पहा’ दाबले की प्रत्येक ओळीचा मारफतदार तारखेसकट समोर येतो. विद्यार्थ्याला कोश वाचायला देताना त्याच्याकडून उत्तर मागू नये. ही ओळ कोणाच्या मारफत आली, आणि त्याला ती कुठून मिळाली, एवढे दोन प्रश्न विचारायची सवय लावावी. ही सवय लागलेले मूल पुढे वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तक आणि शिक्षक, तिघांनाही तेच विचारील, आणि शाळेने त्याचे स्वागतच करावे.