अडथळा कोणाला?

दिवाळीची सुट्टी लागली की अंगणात मुलांची किल्ला रचण्याची धांदल उडते. दगडविटांचा ढीग, त्यावर ओला चिखल, उतारावर पेरलेले अळीव, आणि मग खंदक, बुरूज, भुयार. तो नुसता पाहण्याचा असतो तोवर सारे गोडीगुलाबीने चालते. पण दोन पक्ष पडले आणि मातीच्या मावळ्यांनी चढाई करायची ठरले, की भांडण जुंपते. एखादा पठ्ठ्या आपल्या गडाला वाटच ठेवीत नाही. “वाटच नाही तर आम्ही खेळायचे कसे?” असा दुसऱ्याचा सवाल असतो. शेवटी मुले आपणच नियम ठरवतात : तट हवा तेवढा उंच करा, पण चढायला एक वाट सोडलीच पाहिजे.

आज संगणकावर जे अद्भुत जगाचे खेळ चालतात, त्यांच्या रचणाऱ्यांपुढेही नेमका हाच पेच असतो. दूरदूरचे शेकडो खेळाडू एकाच कल्पित राज्यात वावरतात. प्रत्येकाला हवी तिथे भिंत किंवा सापळा उभा करण्याची मुभा दिली, तर चार दांडगट सारा रस्ता अडवून बसतात. म्हणून भिंतीला किंमत लावायची, ती काळाने झिजू द्यायची आणि ती फोडण्याचा काही उपाय ठेवायचा, अशा युक्त्या योजल्या जातात. हा झाला खेळ. पण जिथे माणसांचे प्राण पणाला लागतात, तिथे अडथळ्याचा हिशेब कसा मांडावा, हे पाहायचे असेल तर आमच्या छावणीहून पश्चिमेचा रस्ता धरावा आणि दौलताबाद गाठावे.

यादवांची ही देवगिरी. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने येथे राजधानी केली. डोंगर सुमारे दोनशे मीटर उंच, आणि त्याचा खालचा भाग चारी बाजूंनी तासून केलेला उभा कडा. पालीलाही चढताना विचार करावा लागेल असा! पुढच्या काळात त्याच्याभोवती तटांवर तट चढले. अंबरकोट, महाकोट, कालाकोट. दरवाजांना हत्तीच्या धडकेसाठी अणकुचीदार खिळे, आणि दरवाजासमोर हत्तीला धाव घेता येऊ नये म्हणून वळणे. मग खडकात खोदलेला खंदक, त्यावर अरुंद पूल, आणि त्यापलीकडे डोंगराच्या पोटातली ती प्रसिद्ध अंधेरी. डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा काळोख, आणि तिच्या वरच्या तोंडाशी जाळ पेटवून आतल्या शत्रूला धुराने गुदमरवण्याची सोय.

वाचकहो, अशा गडावर कोण चाल करून येणार? पण गडावरच्या माणसांनाही वर-खाली करायला हीच एक वाट होती. धान्य, दारूगोळा, निरोप, सारे त्याच चिंचोळ्या पुलावरून आणि त्याच काळोखातून. शत्रूला कडा चढण्याची गरजच नव्हती. खाली तळ ठोकून बसले की पुरे.

१२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, तेव्हा यादवांची बरीचशी फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. रामदेवराव गडाच्या आश्रयाला गेले. फिरिश्ता हा तवारीखकार सांगतो की, धान्याची म्हणून घाईघाईने वर नेलेली पोती उघडली, तर त्यांत मीठ निघाले! शंकरदेव परतला, लढला, हरला. आणि मग गडाच्या उंचीचा काही उपयोग उरला नाही. अमाप सोने आणि एलिचपूरचा महसूल देऊन तह करावा लागला. कडा अभंग राहिला, कोठार फसले.

पुढे ३३७ वर्षांनी पुन्हा तोच धडा. १६३३ मध्ये शहाजहानचा सरदार महाबतखान याने गडाला वेढा दिला. गडावर मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान आणि त्याच्या हाती असलेला बाल निजामशहा. मोगलांनी बाहेरचे तट सुरुंगांनी उडवले. विजापूरच्या फौजेने बाहेरून रसद पोचवण्याची खटपट केली, ती निष्फळ ठरली. आत धान्य संपले, रोगराई पसरली. माथ्याचा बालेकिल्ला हल्ल्याने पडला नाही. भुकेने त्याचे दार उघडले, आणि निजामशाहीचा वारस कैदी होऊन ग्वाल्हेरला गेला.

आता आमच्या शहराकडे पाहा. मलिक अंबरने १६१२ मध्ये भडकल दरवाजा बांधला. औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास मराठ्यांच्या भीतीने शहराला कोट घातला. निजामाच्या काळात कंटिंजंट फौजेची छावणी मात्र या कोटाबाहेर उघड्या माळावर वसली. तिचा भरवसा भिंतीपेक्षा हुकुमासरशी निघणाऱ्या पलटणीवर होता. कोटाचा बराचसा भाग पुढे पडला, दरवाजे तेवढे उरले. आणि ज्या कमानींनी घोडदळ अडवायचे, त्यांनी वर्षानुवर्षे शाळेची मुले आणि भाजीच्या गाड्या अडवल्या. शत्रू गेला तरी अडथळा आपण होऊन जात नाही. तो मग घरच्यांच्याच वाट्याला येतो.

म्हणून अडथळा किती बळकट आहे, एवढेच विचारून भागत नाही. तो घालणाऱ्याला किती महाग पडतो, आणि त्याची स्वतःची वाट किती अरुंद करतो, हेही त्याच तागडीत घालावे लागते. समोरच्याला काहीच करता येणार नाही अशी भिंत बांधली, तर तो भिंतीशी लढत नाही. तो तुमच्या भुकेची वाट पाहत बसतो.

यंदा मुलांचा किल्ला पाहायला गेलात, तर बुरुजांचे कौतुक जरूर करा. मग हळूच विचारा : “बाळांनो, तुमच्या गडावर धान्याचे कोठार कुठे आहे? आणि ते भरायला वाट कोणती?”