कम्मवाचा आणि उच्चाराची कालमात्रा

बोलण्यातील लय आणि काल मोजण्याचा विचार आधुनिक ध्वनिविज्ञानाने प्रथम केला, असा एक समज आहे. पालि वाङ्मयाचा इतिहास पाहता तो टिकत नाही. संघाच्या दृष्टीने उच्चाराचा काल हा केवळ छंदःशास्त्राचा विषय नव्हता. विनयकर्म वैध ठरते की नाही, या प्रश्नाशी तो निगडित होता.

आचार्य बुद्धघोषांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘समन्तपासादिका’ या पाचव्या शतकातील विनय-अट्ठकथेत ‘परिवारा’वरील विवेचनात उच्चाराचे दहा भेद येतात : सिथिल-धनित (अल्पप्राण-महाप्राण), दीघ-रस्स, गरुक-लहुक, निग्गहीत-विमुत्त (सानुस्वार-निरनुस्वार) आणि सम्बन्ध-ववत्थित (जोडून-तोडून). दीर्घ स्वराला लागणाऱ्या कालाच्या निम्मा काल ऱ्हस्वाला, अशी तेथे व्याख्या आहे. हे मापन सापेक्ष आहे, हे ध्यानात घ्यावे. पठण संथ असो वा जलद, दोनास एक हे प्रमाण कायम राहते.

याहून महत्त्वाचा आहे तो पुढील निर्णय. कम्मवाचेत ‘भन्ते’चे ‘बन्ते’ झाले, किंवा अनुस्वार गळाला वा नको तेथे आला, तर कर्म दूषित होते. उरलेल्या सहा भेदांत, म्हणजे दीर्घ-ऱ्हस्व, गुरु-लघु आणि पदे जोडण्या-तोडण्यात, चूक झाली तरी कर्म बिघडत नाही. तथापि परंपरेने आलेली ‘पवेणी’ न मोडता प्रत्येक अक्षर आपापल्या स्थानी उच्चारावे, असेही अट्ठकथा बजावते. वैधतेची किमान अट आणि शुद्धतेचा आदर्श यांत येथे विवेक केलेला आहे. आमचे अनुमान असे की, देशपरत्वे बदलणाऱ्या स्वरकालावर उपसंपदेची वैधता टांगती ठेवणे आचार्यांना इष्ट वाटले नसावे.

आधुनिक संशोधनाची वाटचालही या संदर्भात उद्बोधक आहे. १९४५ मध्ये केनेथ पाइक यांनी आघातप्रधान आणि अक्षरप्रधान लय असा भेद मांडला. १९९९ मध्ये रामूस, नेस्पोर आणि मेलेर यांनी आठ भाषांतील वाक्यांत स्वरांनी व्यापलेल्या कालाचे शेकडा प्रमाण काढले. २००२ मध्ये ग्राबे आणि लो यांनी लागोपाठच्या ध्वनिखंडांच्या कालातील फरक मोजला. पुढे २०१२ मध्ये आर्वानिती यांनी दाखवले की, असे आकडे वक्ता आणि वाक्य बदलताच बदलतात. उपकरणांनी मोजलेला काल इतका अस्थिर असेल, तर अट्ठकथेने कालदोषाला दिलेली सवलत व्यवहार्यच म्हटली पाहिजे.

परंतु सवलत म्हणजे अनास्था नव्हे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील घराघरांत पालि वंदना पोहोचली. मराठीत शब्दाच्या अंती येणारे इ-उ दीर्घ उच्चारण्याची सवय असल्यामुळे ‘गच्छामि’चे ‘गच्छामी’ सहज होते. एवढ्याने श्रद्धा उणी होत नाही. अट्ठकथेचा न्याय लावला तर कर्मही बिघडत नाही. मात्र लेखनापूर्वी कित्येक पिढ्या भाणकांनी मुखानेच जपलेल्या वचनांची पवेणी पुढे न्यायची, तर बालकांना वंदना शिकवतानाच ऱ्हस्व-दीर्घाचे भान दिले पाहिजे. ते काम आमच्या विहारांचेच आहे.