एकोणिसावा क्रमांक

२२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावे आले. त्या पिढीच्या धावपटूंविषयी आपण नेहमी एकाच सुरात बोलतो : शेतात राबणारी, अनवाणी पळणारी काटक पोरे, दम त्यांच्या रक्तातच! या कौतुकात एक अन्याय दडलेला आहे, असे मला वाटते.

गोष्ट सुरू होते पुण्यात, डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांपासून. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी १९२९ मधल्या एका पत्रात त्यांची आठवण लिहून ठेवली आहे. स्पर्धक शेतकरी वर्गातले, खाणे बेताचे, युरोपातले नियम कोणाला ठाऊक नाहीत. शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून घेण्याचे घाटत होते. मात्र सुमारे २५ मैलांच्या शर्यतीत, टणक आणि चढउतारांच्या रस्त्यावर, पहिल्या तीन-चार जणांनी दिलेली वेळ दोराबजींच्या नजरेत भरली. नीट आहार आणि प्रशिक्षण मिळाले, तर ही मुले देशाचे नाव काढतील, अशी आशा धरून त्यांनी संघ अँटवर्पला पाठवण्याचे मनावर घेतले.

त्या ‘तर’मध्येच सारे आले. पळणे सगळीकडे सारखे नसते. शंभर मीटरची शर्यत स्नायूंत साठलेल्या शक्तीवर दहा-बारा सेकंदांत संपते. चारशे मीटरच्या अखेरीस पायांत आग पेटते. दहा हजार मीटरमध्ये हृदय आणि फुप्फुसांची परीक्षा होते. मॅरेथॉनमध्ये तीसेक किलोमीटरनंतर शरीरातला साखरेचा साठा आटत येतो; सुरुवातीला वेग आवरला नसेल, तर उरलेले अंतर खायला उठते. हा आवर कोणी जन्मतः घेऊन येत नाही. आठवड्यामागून आठवडे अंतर बेताबेताने वाढवत, मधूनच थोडे अंतर वेगाने पळत तो अंगी बाणवावा लागतो.

अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता. हिशेब मांडला, तर चौगुल्यांना किलोमीटरमागे जवळजवळ बरोबर ४ मिनिटे लागली. विजेत्या हान्नेस कोलेहमाइनेनला ३ मिनिटे ३४ सेकंद. फिनलंडचा हा धावपटूही कष्टकरीच. अमेरिकेत त्याने गवंडीकाम केले होते. पण १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने ५ हजार आणि १० हजार मीटर जिंकले होते, आणि अँटवर्पपूर्वी तो मॅरेथॉनही पळला होता. कष्ट दोघांच्याही वाट्याला होते. कोलेहमाइनेनजवळ अव्वल शर्यतींची कित्येक वर्षेही होती.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेविषयी लिहितानाही शाळेची लांबची पायपीट आधी येते. ती खरीच आहे. परंतु ३ हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याची वेळ २०१८ मधल्या ८ मिनिटे २९.८० सेकंदांवरून २०२४ मध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आली, तेव्हा त्याची शाळा कधीच सुटलेली होती. ते वीस सेकंद सहा वर्षांच्या सरावाचे आहेत.

दम रक्तातच असतो म्हटले, की मैदान, आहार, प्रशिक्षक पुरवण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. चौगुल्यांचा एकोणिसावा क्रमांक मला म्हणूनच मोठा वाटतो. आणि त्याच कारणाने तो मला अस्वस्थही करतो.