घरपट्टीचे मंडळ शहराला. गावाचा दरवाजा पंचायत समितीचा

टोकावडे, वार्ताहर

कल्याणहून माळशेज घाटाकडे निघालेल्या प्रवाशाला मुरबाड सोडल्यानंतर रस्त्याच्या दुतर्फा दोन गोष्टी सतत दिसत राहतात. विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे. टोकावडे परिसरातील गावांतून हे सारे जाते, गावाच्या जमिनीवर उभे असते. त्यावर कर कोणी आकारायचा, किती आकारायचा आणि आकारणी चुकली तर दाद कोणाकडे मागायची, हे मात्र गावात विचारले तर नेमके उत्तर क्वचितच मिळते. बहुतेकांच्या लेखी घरपट्टी म्हणजे ग्रामसेवकाने (२०२४ पासून या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे) हातात ठेवलेली पावती.

मालमत्ता कराची आकारणी स्थानिक राजकारणाच्या हाती पूर्णपणे सोडू नये, तिच्यावर राज्य पातळीवरील तज्ज्ञ यंत्रणेची नजर असावी, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १८७९ पासून असे मंडळ आहे. वीज, दूरध्वनी, रेल्वे अशा अनेक तालुक्यांतून पसरलेल्या मालमत्तेचे मूल्य तेथे राज्याचे मंडळ ठरवते आणि ते मूल्य त्या त्या जिल्ह्यांना वाटून देते. आपल्याकडे पश्चिम बंगालने १९७८ च्या कायद्याने केंद्रीय मूल्यनिर्धारण मंडळ नेमले. पुढे डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील तेराव्या वित्त आयोगाने नागरी संस्थांना कामगिरी अनुदान देताना राज्य पातळीवर मालमत्ता कर मंडळ असण्याची अट घातली. त्यानंतर २०११ मध्ये महाराष्ट्राने नगरपालिका मालमत्ता कर मंडळाचा कायदा केला. अशा मंडळाने कर गोळा करणे अपेक्षित नाही. आकारणीची पद्धत पारदर्शक आहे की नाही हे पाहणे आणि पालिकांना मार्गदर्शन करणे, एवढीच त्याची भूमिका.

येथे टोकावड्याच्या वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे मंडळ नागरी संस्थांसाठी आहे. मुरबाड आणि शहापूर ही तालुक्याची ठिकाणे नगर पंचायती झाल्यामुळे त्यांचा कारभार १९६५ च्या नगर परिषद कायद्याखाली गेला. वेशीबाहेरील गावे मात्र १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातच राहिली. म्हणजे एकाच तालुक्यात, काही मैलांच्या अंतरावर, घरपट्टीचे दोन कायदे चालतात.

ग्रामपंचायतीला कर बसविण्याचा अधिकार या अधिनियमाच्या कलम १२४ ने मिळतो. इमारती व जमिनींवरील कर, दिवाबत्ती कर, सामान्य व विशेष पाणीपट्टी हे त्यातील नेहमीचे. सविस्तर पद्धत १९६० च्या कर व फी नियमांत आहे. मध्यंतरी घराच्या क्षेत्रफळावर कर आकारला जात असे. ती पद्धत उच्च न्यायालयात टिकली नाही आणि ३१ डिसेंबर २०१५ च्या सुधारित नियमांनी भांडवली मूल्यावरील आकारणी आली. जमिनीचा वार्षिक मूल्यदर, बांधकामाचा प्रकार, घसारा आणि इमारतीचा वापर यांचा हिशेब करून मूल्य निघते, त्यावर दर हजार रुपयांमागे कर. शासनाने किमान व कमाल मर्यादा घालून दिलेली असून त्यांच्यामधला दर ग्रामपंचायत ठरवते. कुडाच्या घराला आणि सिमेंटच्या स्लॅबच्या घराला एकच दर लागत नाही, हे या पद्धतीचे बलस्थान. घसारा धरला आहे का, राहत्या घराला दुकानाचा भारांक तर लागलेला नाही ना, हे प्रत्येकाने नमुना ८ चा उतारा मागून तपासावे. चुका बहुधा तेथेच सापडतात.

सार्वजनिक मालमत्तेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. शाळा, देवालये, नफ्यासाठी न वापरलेल्या शासकीय इमारती यांना नियमांत सूट आहे. केंद्र सरकारच्या मालमत्तेला राज्यघटनेच्या अनुच्छेद २८५ चे संरक्षण आहे. शहापूर तालुक्यातील आटगाव, खर्डी, कसारा येथील रेल्वेच्या मालमत्तेबाबत १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १८४ ही वेगळी तरतूद आहे. केंद्राची अधिसूचना असल्याखेरीज स्थानिक कर लागू होत नाही. ज्या तालुक्यातील तानसा, भातसा या जलाशयांचे पाणी मुंबईला जाते, त्या तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तेव्हा गावातून जाणाऱ्या सुविधेचा गावाला काय लाभ, हा सवाल येथे केवळ कायद्याचा राहत नाही.

सरकारी कंपनी म्हणजे सरकार नव्हे, हे न्यायालयांनी पूर्वीच स्पष्ट केले आहे. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण ही कंपनी झाली, तरी खांब व रोहित्रांवरील कराचा वाद संपलेला नाही. २०२१ मध्ये पथदिव्यांच्या थकबाकीपोटी वीज तोडली गेली, तेव्हा राज्यातील अनेक ग्रामपंचायतींनी खांबांवरील कराच्या मागणीने प्रत्युत्तर दिले. रागाच्या भरात काढलेली नोटीस पुढे टिकत नाही, म्हणून या विषयावरील शासनाचे निर्देश आधी पाहणे शहाणपणाचे. मोबाइल मनोऱ्याबाबतही एक निकाल आहे. १६ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील प्रकरणात मनोरा हा 'जमिनी व इमारती' या नोंदीखाली करपात्र ठरविला. लहान ग्रामपंचायतीला एका मनोऱ्याचा कर अनेक घरांच्या पट्टीएवढा मोलाचा असतो, आणि तरीही मनोऱ्याची नोंद आकारणी यादीत आहे की नाही, हे ग्रामसभेत फारसे कोणी विचारत नाही.

आकारणी अन्यायाची वाटल्यास पंचायत समितीकडे अपील करता येते. त्यापुढे जिल्हा परिषदेची स्थायी समिती. मुरबाडच्या खेड्यांसाठी मंडळ म्हणावे ते हेच. या देखरेखीची दुसरी बाजूही आहे. ग्रामपंचायतीचे उत्पन्न गरजेपेक्षा कमी असेल तर कर बसविण्यास किंवा वाढविण्यास कलम १२८ अन्वये वरून सांगता येते. मते जातील या भीतीने वर्षानुवर्षे दर न वाढविणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी हे कलम वाचलेले बरे.

वसुलीचा क्रम कलम १२९ मध्ये आहे: प्रथम बिल, ते पंधरा दिवसांत न भरल्यास मागणीचा लेखी हुकूम, त्यानंतरही तीस दिवसांत रक्कम न आल्यास जप्ती. सदस्यांसाठी नियम याहून कडक. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य कलम १४ खाली अपात्र ठरतो. निवडणुकीनंतर अशा तक्रारी जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात आणि काहीशे रुपयांच्या घरपट्टीपायी पद गेल्याची उदाहरणे राज्यात घडली आहेत. म्हणून बिल कोणत्या तारखेला, कोणाच्या हाती दिले, याची पोच दोन्ही बाजूंनी जपून ठेवावी.