नथ्थूची गोष्ट आणि वनराज भाटियांचं संगीत

संगीताचा विषय निघाला की आपल्या कार्यकर्त्यांत दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतात, अभिजात वगैरे सगळं उच्चवर्णीयांचं, आपला काय संबंध. दुसऱ्यांसाठी संगीत म्हणजे जयंतीचा डीजे. वनराज भाटिया हे नाव दोघांच्याही यादीत नसतं. पण समांतर सिनेमात जातीने चिरडलेला माणूस पडद्यावर आला, तेव्हा त्याच्या मागचं संगीत अनेकदा याच माणसानं लिहिलं होतं.

'लिहिलं' हा शब्द मुद्दाम वापरतो. भाटिया हे पाश्चात्य अभिजात परंपरेत घडलेले रचनाकार, म्हणजे कोणत्या वाद्यानं काय वाजवायचं हे कागदावर मांडणारे. जन्म ३१ मे १९२७ चा, मुंबईतल्या कच्छी व्यापारी कुटुंबात. एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजीत एम. ए., मग लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक, तिथून पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे. १९६० ते १९६५ दिल्ली विद्यापीठात अध्यापन. पोटासाठी हजारो जाहिरातींची जिंगल्स. आणि १९७४ मध्ये श्याम बेनेगलांचा 'अंकुर'.

आता शेजारी दुसरं आयुष्य ठेवून बघा. वामनदादा कर्डक १९२२ चे, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. भाटियांपेक्षा पाचच वर्षांनी मोठे. त्यांना अक्षरओळख झाली तीच मोठेपणी, मुंबईत. १९५६ साली नागपुरात आपली माणसं धम्मदीक्षा घेत होती तेव्हा भाटिया युरोपात शिकत होते. प्रतिभा दोघांकडेही होती. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो, ते मात्र एकाच्याच घरात होतं. यात भाटियांचा दोष नाही. पण 'संगीतकार' कोण आणि 'गाणी म्हणणारा' कोण, हे समाज इथूनच ठरवतो.

भाटियांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'तमस'साठी. भीष्म साहनींची कादंबरी, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, १९८८ मध्ये दूरदर्शनवर. बंदीची मागणी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि फेटाळली गेली. गोष्ट सुरू होते नथ्थूपासून. कातडी सोलणारा नथ्थू. पाच रुपये देऊन त्याच्याकडून डुक्कर मारून घेतलं जातं, ते मशिदीच्या पायरीवर सापडतं आणि शहर पेटतं. दंगल घडवणारे वेगळे, हत्यार म्हणून वापरला गेला तो आपला माणूस. हे आजही किती ओळखीचं आहे, ते कार्यकर्त्यांना वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी 'भारत एक खोज' सुरू झाली. नेहरूंच्या पुस्तकावरची ५३ भागांची मालिका. शीर्षकसंगीतासाठी घेतलं नासदीय सूक्त, आणि भाटियांनी ते समूहस्वरांत असं उभं केलं की त्या पिढीच्या कानातून ते गेलं नाही. रचना म्हणून ती मोठीच आहे. सूक्तही प्रश्न विचारणारं आहे, सृष्टी कुठून आली ते देवांना तरी ठाऊक असेल का म्हणून. पण हे सूक्त ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं, आणि पुरुषसूक्तही त्याच मंडलातलं. चार वर्ण एका शरीरातून काढणाऱ्या त्या सूक्ताची चिरफाड बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र कोण होते?' या ग्रंथात केली. भारताचा शोध वेदापासूनच का सुरू व्हावा? थेरीगाथेपासून का नाही? हा प्रश्न संगीतकाराला नाही, देशाची ओळख ठरवणाऱ्यांना आहे.

माझा आक्षेप आणखी एका ठिकाणी आहे. 'अंकुर'मधली लक्ष्मी, 'तमस'मधला नथ्थू सोसतात. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशातला माणूस सोसत बसत नव्हता, तो वाद घालत होता, हसवत होता, सवाल टाकत होता. समांतर सिनेमाला आपलं दुःख दिसलं, आपला जलसा फारसा दिसला नाही. 'मंथन'मध्ये दलित वस्ती दूध सोसायटीत सरपंचाविरुद्ध उभी राहते, तेवढा अपवाद मानायला हवा.

आणि एवढं भांडवल असूनही शेवट काय झाला? १९८९ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, २०१२ ची पद्मश्री, आणि २०१९ मध्ये बातमी आली की हातात पैसे नाहीत. ७ मे २०२१ रोजी ते मुंबईत गेले. गिरीश कार्नाडांच्या 'अग्निवर्षा'वर ते ऑपेरा लिहीत होते. ब्राह्मण अरवसू आणि शिकारी जमातीची नित्तिलाई यांची गोष्ट.

२०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा मिळाला, जो लिहून घेऊन काढून घेता येत नाही. लाखनी-साकोलीकडच्या दंडारीत, खडीगंमतीत, भीमगीतांच्या कलापथकांत चाली बांधणारे किती जण हे जाणतात? त्यांच्या चाली स्वरलिपीत कुणी उतरवल्यात? हार्मोनियम येणारी दोन पोरं आणि एक मोबाईल घेऊन हे काम गावातल्या विहारात सुरू करता येतं. म्हातारे गायक अजून आहेत तोवर.